गिटार कोपऱ्यातून माझ्याकडे बघते आहे

ठाण्याचा ठोंब्या | १४ जून, रात्री ११:४२

२०२० च्या टाळेबंदीत अर्ध्या शहराने घरी पाव भाजले, मी गिटार घेतली. पहिले चार महिने झपाटल्यासारखा वाजवत होतो. सी, जी, ए मायनर, ई मायनर, डी हे कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वर) झाले. मग तर्जनी आडवी टाकून धरायचा एफ आला. त्यानंतरची वर्षं थोडक्यात सांगायची तर एफ अजून येतोच आहे.

मला साधारण बावीस गाणी येतात. म्हणजे बावीस मुखडे. अंतरा एकाचाही नाही. पाहुणे आले की मुखडा वाजवतो, कोणीतरी म्हणतं "वा, पुढे?" आणि मी पुढे चहा बघायला उठतो.

रविवारी सकाळी उत्साह येतो. दोन तास बसतो, बोटांच्या टोकांवर तारांचे वळ उठतात, सोमवारी ऑफिसात टाइप करताना ठणकतात. पुढचा रविवार कधी दोन आठवड्यांनी येतो, कधी दोन महिन्यांनी. गेले आठ महिने आलेलाच नाही.

करून झालेले उपाय: दोन अ‍ॅप (एकाची वर्षाची वर्गणी भरली, अकरा दिवस वापरलं), एक ऑनलाइन क्लास, नवा कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), तार छेडायच्या तीन वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या आणि भिंतीवर लावायला स्केलचा रंगीत तक्ता. बायको म्हणते, आता फक्त इलेक्ट्रिक गिटार घ्यायची राहिली. ती मी गुपचूप बघूनही ठेवली आहे.

वाजवणारे इथे बरेच आहेत असं गाण्यांच्या धाग्यांवरून दिसतं. तुमचं मन टिकलं कसं? माझी शिस्त कमी पडते की वय आडवं येतंय? चाळिशी ओलांडली आहे. खरं सांगा, गोड नको.

कुचकट काका | १४ जून, रात्री ११:५५

विकून टाका. इतकी वर्षं कोपऱ्यात उभी आहे म्हणजे ती गिटार नाही, कोट टांगायचा खुंटा आहे. (हलके घ्या. पण विका.)

खिडकीतली चिमणी | १५ जून, सकाळी ७:१०

बावीस मुखडे! अगदी अगदी. माझीही हीच कथा, फक्त वाद्य युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार.

मला एका गोष्टीने फरक पडला, सांगते. मी वाद्य बेडरूममधून स्वयंपाकघराच्या दारामागे आणलं. संध्याकाळी कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत वाजवायचं. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद, वाद्य बंद, कितीही रंगात आले असले तरी. बारा-चौदा मिनिटं होतात. पण रोज होतात, कारण वरण-भात रोज लागतो.

रविवारचे दोन तास माझ्याने कधीच जमले नाहीत.

लाकूडतोड्या | १५ जून, सकाळी ९:३२

ठोंब्याशेठ, मन वगैरे नंतर बघू. आधी गिटार बघू. घरात फूटपट्टी आहे का?

बाराव्या फ्रेटवर जा (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट). तिथे फ्रेटच्या धातूच्या माथ्यापासून सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. पट्टीचा शून्य अगदी कडेला आहे का ते तपासा, कंपासपेटीतल्या पट्टीला आधी थोडी कोरी जागा असते. मग सगळ्यात बारीक तारेचंही मोजा. याला अ‍ॅक्शन म्हणतात. अकूस्टिकला जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक.

दुसरी परीक्षा. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावा आणि त्याच्या पुढच्या फ्रेटवर एफचाच आकार धरा. पहिल्या फ्रेटवर जमत नव्हता आणि इथे एकदम सोपा वाटला, तर दोष तुमच्या तर्जनीचा नाही, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ आहेत. तारा पहिल्या फ्रेटपाशी नको इतक्या उंच उभ्या आहेत. स्वस्त गिटारींच्या खाचा कारखान्यात अर्ध्याच कापून सोडतात, हे मी हौसेने दुरुस्ती करताना इतक्यांदा पाहिलं आहे की आता रागही येत नाही.

आणि तारा शेवटच्या कधी बदलल्या?

ठाण्याचा ठोंब्या | १५ जून, सकाळी ९:५०

तारा बदलायच्या असतात?

लाकूडतोड्या | १५ जून, सकाळी ९:५१

🙏

सावकाश | १५ जून, दुपारी १:२०

मी मुलांना शिकवतो, मोठे विद्यार्थीही येतात. मोठ्यांची अडचण बोटांची नसते. त्यांचा कान बोटांच्या फार पुढे गेलेला असतो. नऊ वर्षांच्या मुलाला आपला सी ऐकून आनंद होतो. चाळिशीतल्या माणसाने तीस वर्षं चांगलं संगीत ऐकलेलं असतं, त्याला स्वतःचा सी ऐकून लाज वाटते. मग तो सी सोडून नवं गाणं उघडतो. असे बावीस मुखडे तयार होतात.

मी एकच करून घेतो. गाणं जिथे अडतं त्या दोन कॉर्डची जोडी काढायची, समजा जी ते सी. फोनवर एक मिनिट लावायचं आणि त्यात किती वेळा अदलाबदल झाली ते मोजायचं. आकडा वहीत लिहायचा. उद्या पुन्हा. ही युक्ती माझी नाही, जस्टिन सँडरको नावाचा ऑस्ट्रेलियन शिक्षक ती आपल्या संकेतस्थळावर फुकट शिकवतो आणि जगभर लोकांना त्यामुळे वाजवता यायला लागलं आहे. पहिल्या दिवशी बारा-पंधरा होतात. साठच्या आसपास पोचलात की गाण्यात ती जोडी अडत नाही.

एक पळवाट सांगतो, माझे काही सहकारी नाकं मुरडतील. जी धरताना अनामिका दुसऱ्या (बारीक तारेकडून मोजा) तारेच्या आणि करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ठेवा. आता ही दोन बोटं न उचलता मधलं बोट आणि तर्जनी एकेक तार खाली सरकवा. हा सी अ‍ॅड नाइन. बऱ्याच गाण्यांत साध्या सीच्या जागी हा चालतो आणि कानाला गोडच लागतो. दोन बोटं जागची हलत नाहीत म्हटल्यावर निम्मी भीती गेली.

आणि आंघोळ केल्या केल्या वाजवू नका. कातडी मऊ झालेली असते, जुने घट्टे सोलून निघतात.

भरारी | १५ जून, दुपारी ३:०५

वयाचं काय घेऊन बसलात! गिटारवादक जँगो राइनहार्टला बघा. १९२८ मध्ये तो राहायचा त्या गाडीला (कॅरव्हॅनला) आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. उरलेल्या दोन बोटांनी तो असा वाजवायचा की आजही लोक थक्क होतात. जिद्द हवी!

कुचकट काका | १५ जून, दुपारी ३:१२

गिटारच्या प्रत्येक धाग्यावर जँगो येतोच. आग लागायच्या आधीपासून तो पॅरिसात पैसे घेऊन बँजो वाजवत होता. वाजवता येणाऱ्या माणसाने नव्याने शिकणं वेगळं, आणि ठाण्यात सोमवारी नऊला मीटिंग असलेल्या माणसाने पहिल्यांदा शिकणं वेगळं. जँगोच्या नावाने कोणाला लाजवू नका.

तबल्याचा नाद | १५ जून, रात्री १०:४०

काका आज चक्क बरोबर बोलले, नोंद घ्यावी.

सगळे डाव्या हाताबद्दल बोलताय. गाणं उजव्या हातात असतं. डावा चुकला तर एखादा स्वर बेसूर लागतो, उजवा थांबला तर गाणंच थांबतं.

गिटारचे शिक्षक कागदावर बाण काढून देतात. खाली, खाली-वर, वर-खाली-वर. इंटरनेटवरचा हा सगळ्यात लाडका पॅटर्न असावा. मी तबला शिकलेला, मला बाण कळेनात. मग एके रात्री त्यावर केरवा ताल म्हणून बघितला:

धा गे ना ति । न क धी न

आठ मात्रा. हात न थांबता खाली-वर, खाली-वर चालू ठेवायचा, लंबकासारखा. म्हणजे धा खाली, गे वर, ना खाली, ति वर, तसंच पुढे. आता फक्त दोन ठिकाणी हात तारांना न लावता हवेतून न्यायचा: दुसऱ्या मात्रेच्या गे ला आणि पाचव्या मात्रेच्या न ला. उरतं ते मोजा. खाली, खाली-वर, वर-खाली-वर. तोच पॅटर्न!

आणि केरव्यात पाचवी मात्रा कसली? 'खाली'ची, म्हणजे तालातल्या रिकाम्या जागेची. तबल्यात तिथे डग्ग्याची घुमक काढून घेतो, इथे हात रिकामा जातो. हे जुळलं तेव्हा मी रात्री साडेबाराला एकटाच हसलो होतो.

दादरा तालाला धा धी ना । धा ती ना. पहिल्या धा ला जाड तार, पुढच्या दोन मात्रांना बारीक तारा, सगळे झटके खालीच. चौथ्या मात्रेला तेच पण हलक्या हाताने. कितीतरी भावगीतं एवढ्यावर निघतात.

तोंडाने बोल म्हणत नुसत्या मोकळ्या तारांवर करा. डावा हात खिशात ठेवा.

गोंयकार | १६ जून, सकाळी ८:१५

आमच्या वाड्यावर लग्नाआधीच्या संध्याकाळी मांडो, म्हणजे आमची कोंकणी गाणी, म्हणायचे. एक व्हायोलिन, एक घुमट (मातीचं, चामडं लावलेलं तालवाद्य), एक गिटार. गिटारवाल्याला चार-पाच कॉर्ड येत असतील. त्याला घरी सराव करताना मी कधी पाहिलं नाही, पण गाण्यात त्याच्याशिवाय चालत नसे. मांडो संथ चालतो आणि शेवटी दुलपद आलं की लय चढते, तेव्हा सगळे त्याच्या हाताकडे बघत.

मी मात्र लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या परीक्षा दिल्या. आठ ग्रेड असतात, पाच केल्या, गुण बरे पडले. पाचवीनंतर वाद्य बंद केलं ते बारा वर्षं. पुढची परीक्षा नसली की वाजवायचं कशाला, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. परीक्षा वाईट नव्हे, स्वरलेखन वाचायला त्यांनीच शिकवलं. पण ठोंब्याबाब, तुमच्या बावीस मुखड्यांची कोणी वाट बघतो काय? माझ्या मते पेच तिथे आहे.

पांढरी चार | १६ जून, सकाळी ११:००

गोंयकारांना अनुमोदन, आणि गाणाऱ्यांच्या वतीने एक तक्रार.

गिटारवाले मित्र हौसेने म्हणतात, "चल, गा." आणि जी किंवा सी मध्ये सुरू करतात, कारण त्यांना तेच येतं. माझा सूर काळी चारचा. मग मी एकतर वर किंचाळते नाहीतर खाली पुटपुटते, आणि ते म्हणतात, आज आवाज लागला नाही वाटतं!

ज्याच्यासाठी वाजवायचं त्याची पट्टी आधी विचारा. पेटीवर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, असं मोजत जायचं. काळी चार हवी? पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जीचेच आकार वाजवा. काळी पाच? कॅपो तिसऱ्यावर, आकार जीचेच. काळी एक? कॅपो पहिल्यावर, आकार सीचे. कॅपो घेतलाच आहे ना तुम्ही, तो नुसता मानेच्या टोकाला चिमटा लावून ठेवायला नाही.

घरात गाणारं कोणी आहे का?

ठाण्याचा ठोंब्या | १६ जून, रात्री ११:२०

आई. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात गाते. लहानपणी गाणं शिकली होती. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही "वाजव" म्हटलेलं नाही. मीही विचारलं नाही. तुमचा प्रश्न वाचून हे पहिल्यांदाच ध्यानात आलं.

मोजमाप: जाड तारेखाली ४ मिमी, बारीक तारेखाली साडेतीन. कॅपो लावून एफ धरला. लागला! सहाही तारा वाजल्या. मी बायकोला उठवलं. ती म्हणाली, उद्या ऐकते.

लाकूडतोड्या | १७ जून, सकाळी ९:०५

चार! अहो, तुम्ही इतकी वर्षं वजनं उचलत होता.

दुरुस्तीवाल्याकडे न्या. मान किती वाकली आहे ते बघून तो ट्रस रॉड (मानेच्या आतली सळी) फिरवेल, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त फिरवणाऱ्याकडून गिटार परत घ्या. मग नटच्या खाचा. मग सॅडल (पोटाकडच्या बाजूला तारा टेकतात ती पट्टी) खालून घासेल. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायला सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. घासलेलं परत जोडता येत नाही, त्यामुळे हे घरी करू नका. तारा १२ च्या (हा जाडीचा आकडा) असतील तर ११ च्या किंवा १० च्या टाका.

पावसाळा संपल्यावर एकदा पुन्हा मोजा. दमट हवेत लाकूड फुगतं, गिटारचं पोट पुढे येतं, अ‍ॅक्शन चढते. कोकणपट्टीत हे दरवर्षीचं आहे.

न्यूजर्सीचा नाना | १७ जून, सकाळी १०:३०

आमच्याकडे उलटं. हिवाळ्यात घरात हीटर चालू, हवा कोरडीठाक. भारतातून आणलेल्या माझ्या गिटारला पहिल्याच जानेवारीत ब्रिजखाली (पोटावर तारा अडकवतात त्या पट्टीखाली) चीर गेली. आता पेटीत ओलाव्याची पुडी आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवतो, ४५ ते ५५ टक्के राहील असं बघतो.

पण यात एक गोम आहे. पेटीत ठेवली की गिटार सुखरूप आणि मी आळशी. दोन चेनी उघडायच्या आहेत एवढ्या कारणाने मी आठवडेच्या आठवडे वाजवलेलं नाही. शेवटी घराच्या आतल्या भिंतीला खुंटी ठोकली. बाहेरच्या भिंतीला कधीच नाही, तुमच्याकडे तर तिला ओल येते. जाता-येता हात लागतो.

कुचकट काका | १७ जून, सकाळी १०:४१

म्हणजे खुंटाच झाला शेवटी.

ठाण्याचा ठोंब्या | ६ जुलै, रात्री १०:१५

अहवाल.

दुरुस्तीवाल्याने गिटार हातात घेतली, एक तार दाबली आणि विचारलं, "ही तुम्ही वाजवत होता?" जाड तारेखाली आता २.४ मिमी. तारा ११ च्या. सगळे मिळून नऊशे रुपये, म्हणजे त्या अ‍ॅपच्या वर्गणीहून कमी. ज्या दुकानातून घेतली तिथे मी तेव्हा विचारलं होतं की बोटं एवढी का दुखतात. "नवीन आहात, बोटं तयार होतील," एवढंच उत्तर मिळालं होतं.

एफ अजून पूर्ण नाही, दुसरी तार मरते.

कुकरची युक्ती लागू पडली, आमच्याकडे मात्र चार शिट्ट्या (राजमा). जी ते सी अ‍ॅड नाइन: पहिल्या दिवशी १४, काल ४१. केरवा तोंडाने म्हणत बसतो म्हणून मुलगी मला "धागे दादा" म्हणायला लागली आहे.

आईला पट्टी विचारली. तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, पूर्वी काळी चार होती, आता काळी दोन धर.

सावकाश | ७ जुलै, दुपारी १२:५०

दुसऱ्या तारेसाठी: एफमध्ये तर्जनी सहाही तारा दाबत नसते. पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर बोटांखाली असते. तर्जनीने फक्त सहावी, दुसरी आणि पहिली वाजवायची. त्यामुळे मधल्या तारांवर जोर घालवू नका. बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलंडवा, म्हणजे हाडाची कडा तारेवर येते. दुसरी तार पेऱ्याच्या खळगीत अडकत असेल तर बोट अर्धा सेंटिमीटर वर किंवा खाली सरकवा. अंगठ्याने चिमटू नका, कोपर अंगाजवळ घ्या, हाताचं वजनच पुरतं.

काळी दोनला कॅपो पहिल्या फ्रेटवर, आकार डीचे. डी, जी, ए. एफ लागणारच नाही 🙂

ठाण्याचा ठोंब्या | २४ ऑगस्ट, रात्री ११:५८

उशीर झाला, पण लिहिल्याशिवाय झोपणार नव्हतो.

आज आईबरोबर एक अख्खा अभंग झाला. मुखडा आणि तिन्ही अंतरे. माझ्या आयुष्यातलं पहिलं पूर्ण गाणं. तीन कॉर्ड, एक केरवा.

कौतुकाची अपेक्षा होती. आई म्हणाली, "अंतऱ्याला घाई करतोस. मी श्वास घेते तेव्हा तू पुढे पळतोस." मग म्हणाली, "आणि तुझ्या पेटीचा गंधार चढा आहे." मी म्हटलं, आई, ही गिटार. म्हणाली, "असेल, पण चढा आहे."

ट्यूनर लावून तीनदा तपासलं. सगळ्या तारा बरोबर. हा गंधाराचा काय प्रकार आहे? बाकी मंगळवारी पुन्हा बसायचं ठरलं आहे, अंतऱ्यासाठी. तिनेच सांगितलं.

तबल्याचा नाद | २५ ऑगस्ट, सकाळी ७:३५

आईंना साष्टांग नमस्कार. त्यांचा कान बरोबर आहे आणि तुमचा ट्यूनरही.

गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले तर गिटारचा शुद्ध गंधार ४०० वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ च्या आसपास. चौदा सेंटचा फरक. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो टोचतो. पेटीवरही हाच आक्षेप जुन्या गवयांनी घेतला होता.

फ्रेट हलवता येत नाहीत. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर सळी फिरवत राग वाजवले, तिथे फ्रेटचा प्रश्नच नव्हता. तुम्ही एवढंच करा, आई गंधारावर थांबतील तिथे तुम्ही गंधार वाजवू नका. सा आणि प पुरे. त्यांचा गंधार त्यांना लावू द्या.

खिडकीतली चिमणी | २५ ऑगस्ट, सकाळी ८:०२

"तिनेच सांगितलं" वर थांबले जरा. मंगळवारी काय झालं ते लिहा.

कुचकट काका | २५ ऑगस्ट, रात्री ९:४७

माझ्या माळ्यावर एक गिटार आहे. कलकत्त्याची. १९९४ साली कॉलेजात घेतली होती, लग्नानंतर वर गेली. काल खाली काढून फूटपट्टी लावली. ६ मिमी. हे कुठून मोजायचं असतं नक्की?

लाकूडतोड्या | २५ ऑगस्ट, रात्री ९:५२

बरोबर मोजलंय. सहा म्हणजे मानेचा सांधा उचलला गेला असणार. आजच तारा सैल करा, आणि बाजूने काढलेला एक फोटो टाका.